शांगो, ओगुम आणि सोळा कवड्या



या शनिवार-रविवारचा विषय जरा लांबचा आहे, थेट ब्राझीलचा. पण त्यात जादू आहे, लोखंड आहे, बायनरी आहे, कॉमिक्स आहेत आणि पोलीसही आहेत. तेव्हा चहा घेऊन बसा, पोस्ट मोठी होणार आहे.

२०१६ साली ब्राझीलच्या साल्वादोर शहरातल्या उगो कानुतो नावाच्या चित्रकाराने एक चित्र काढलं. मार्व्हलच्या 'अव्हेंजर्स'चं साठच्या दशकातलं एक मुखपृष्ठ घ्यायचं, त्याची धाटणी जशीच्या तशी ठेवायची, तीच अंगावर येणारी अक्षरं, तीच थेट वाचकाच्या दिशेने सुटलेली फौज. फक्त कॅप्टन अमेरिका आणि कंपनीच्या जागी शांगो आणि त्याचे सोबती. वर नाव 'द ओरिशाज'. जॅक कर्बी या अमेरिकन कॉमिक चित्रकाराला त्याच्या एका चाहत्याने घातलेला हा नमस्कार होता, बस्स. पण ते चित्र इंटरनेटवर असं काही फिरलं की लोक विचारायला लागले, पुस्तक कुठे मिळेल? पुस्तक नव्हतंच! मग लोकांनीच वर्गणी काढली (कातार्से नावाची क्राउडफंडिंगची ब्राझिलियन साइट आहे) आणि २०१९ मध्ये 'कोंतोस दोस ओरिशास' म्हणजे 'ओरिशांच्या कथा' हे पुस्तक छापून आलं.

आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. आपण अमर चित्रकथेवर वाढलेली पोरं. देवांचं कॉमिक? असतंच की! पण ब्राझीलमध्ये हे चित्र पोस्ट करणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि का नव्हती हे कळायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

ओरिशा म्हणजे योरुबा लोकांचे देव. योरुबा लोक मूळचे आजच्या नायजेरिया आणि बेनिन भागातले. तीनशेहून जास्त वर्षं पोर्तुगीज आणि ब्राझिलियन जहाजांनी आफ्रिकेतून माणसं पकडून ब्राझीलला नेली. एकूण आकडा अंदाजे ४८ लाख. अमेरिका खंडात दुसऱ्या कुठल्याही देशात एवढे गुलाम नेले गेले नाहीत. गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ ला, म्हणजे त्या खंडात सगळ्यात शेवटी. साल्वादोर हे बाईया प्रांताचं मुख्य शहर, १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी. तिथे या माणसांनी आपले देव जिवंत ठेवले. अंगावरच्या कपड्यांशिवाय काही आणता आलं नाही, त्यामुळे देव आले ते डोक्यातून आणि ढोलाच्या बोलांतून. वरून कॅथलिक संतांचे मुखवटे चढले. वीज आणि वादळाची देवी याँसां म्हणजे सेंट बार्बरा. लोखंडाचा देव ओगुम बाईयात झाला सेंट अँथनी आणि रिओमध्ये सेंट जॉर्ज. या सगळ्या पूजापद्धतीला नाव पडलं कँदोंब्ले.

कँदोंब्लेच्या मंदिराला तेरेइरो म्हणतात, आणि त्याची प्रमुख बहुतेक वेळा बाई असते. तिला म्हणायचं 'मांय'. पोर्तुगीजमध्ये मांय म्हणजे आई. आपली 'माय'च ती, फक्त थोडी नाकातून. ढोल वाजतात, भक्तांच्या अंगात देव येतो आणि देव नाचतो. ज्याने आपल्याकडे रात्रभराचं जागरण-गोंधळ पाहिलंय त्याला फार समजावून सांगायला नको.

आता पोलीस. गुलामगिरी संपल्यावर दोनच वर्षांत, १८९० च्या नव्या दंडसंहितेत कलम १५७ आलं. भूतविद्या, जादू आणि तिचे 'टोटके' करणं हा गुन्हा. कायद्यात चक्क 'जादू' हा शब्द आहे! म्हणजे हा नवा प्रजासत्ताक देश स्वतःला आधुनिक म्हणवत होता, पण जादूवर त्याचा एवढा विश्वास होता की तिच्याविरुद्ध कलम लिहिलं. जे अस्तित्वातच नाही त्याला शिक्षा कशी करणार? असो. कलम प्रत्यक्षात वापरलं गेलं ते प्रामुख्याने काळ्या माणसांच्या देवांविरुद्ध. धाडी पडायच्या, ढोल जप्त व्हायचे, मूर्ती, माळा, शांगोची दुधारी कुऱ्हाड सगळं 'पुरावा' म्हणून पोलीस कचेरीत. रिओमध्ये तर या मालाचा एवढा साठा झाला की पोलिसांनी त्याचं संग्रहालयच केलं, आणि १९३८ मध्ये सरकारने तो साठा राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवला. नोंदीतलं नाव काय, तर 'काळ्या जादूचं संग्रहालय'. चोरलेला माल आणि वर वारसा! या संग्रहालयाकडे शेवटी परत येऊ.

आता माझा आवडता भाग. कारण ही सगळी गोष्ट मला फॅन लोकांची गोष्ट वाटते.

१९३५ साली जॉर्जी आमादो या बाईयाच्या तरुण लेखकाने 'जुबियाबा' नावाची कादंबरी लिहिली. वय वर्षं २३. नायक एक काळा पोरगा, आंतोनियो बाल्दुइनो, आणि जुबियाबा म्हणजे त्याच्या वस्तीतला म्हातारा कँदोंब्ले पुजारी. ही कादंबरी दोन माणसांच्या हातात पडली. एक होता कारिबे, अर्जेंटिनाचा चित्रकार. दुसरा पिएर व्हेर्जे, फ्रेंच फोटोग्राफर, त्याने ती फ्रेंच भाषांतरात वाचली. दोघं वेगवेगळे, एकमेकांना न ओळखणारे, आणि दोघांच्याही डोक्यात एकच किडा शिरला की हे शहर बघायचंच.

कारिबे १९३८ मध्ये एका वर्तमानपत्राच्या खर्चाने साल्वादोरला आला आणि पोचल्यावर कळलं की वर्तमानपत्र बंद पडलंय. खिशात पैसे नाहीत. पण पठ्ठ्या शहराच्या प्रेमात पडून गेला, आणि १९५० मध्ये शिफारसपत्र घेऊन कायमचा राहायला आला. पत्र रुबेम ब्रागा या लेखकाचं, बाईयाचे शिक्षणसचिव आनिझिओ तेशेरा यांच्या नावे. त्यावर त्याला चित्रं काढायचं काम मिळालं. व्हेर्जे १९४६ च्या ऑगस्टमध्ये आला आणि तोही इथलाच झाला. आता सांगा, कादंबरी वाचून त्या कादंबरीच्या गावात बिऱ्हाड हलवणं याला फॅनपणा नाही तर काय म्हणायचं?

पुढे आमादो, कारिबे, व्हेर्जे आणि गायक दोरिव्हाल काइमी यांचं चांगलंच गूळपीठ जमलं. काइमीने समुद्रदेवी येमांजावर गाणी केली. (दर २ फेब्रुवारीला साल्वादोरचे कोळी होड्यांतून तिला फुलं नेतात. आपल्या नारळी पौर्णिमेची आठवण येतेच.) आमादो आपल्या मित्रांना सरळ खऱ्या नावानिशी कादंबऱ्यांत घुसवायचा. एकमेकांच्या थट्टा करायच्या, एकमेकांच्या पुस्तकांना चित्रं काढायची, प्रस्तावना लिहायच्या, 'अरे तू हे कर, जमेल तुला' म्हणायचं. पण नुसती मित्रांची टोळी असती तर मी ही पोस्ट लिहिली नसती. या टोळीच्या डोक्यावर एक माय होती.

साल्वादोरमध्ये १९१० साली मांय आनिन्या यांनी 'ओपो आफोंजा' हा तेरेइरो स्थापन केला, शांगोचा. शांगो म्हणजे वीज, न्याय आणि एकेकाळचा ओयोचा राजा. तीसच्या दशकात आनिन्यांनी एक डोकेबाज गोष्ट केली. शांगो राजा आहे, राजाला मंत्री हवेत, म्हणून तेरेइरोत बारा 'ओबां'ची पदं निर्माण केली. यात त्यांना मदत होती मार्तिनियानो दो बोंफिम या म्हाताऱ्या पंडिताची, जो तरुणपणी लागोसला जाऊन तिथे कित्येक वर्षं राहून आला होता. परंपरा आफ्रिकेची, पण रचना साल्वादोरची. आता या पदांवर कोणाला बसवायचं? तेरेइरोची जुनी माणसं तर होतीच, पण हळूहळू बाहेरचे मान्यवरही आले. आमादो ओबा झाला, कारिबे ओबा झाला, काइमीही झाला. व्हेर्जेला पद मिळालं 'ओजु ओबा', राजाचे डोळे. फोटोग्राफरला यापेक्षा नेमकी पदवी कोण देणार?

हा नुसता सन्मान नव्हता, त्यात हिशोबही होता. ज्या मंदिरावर कधीही धाड पडू शकते, त्याचे मंत्री नावाजलेले लेखक आणि चित्रकार असले तर फौजदार दोनदा विचार करतो. माझ्या मते प्रोत्साहन देणारं खरं माणूस इथे आहे. चित्रकारांना वाटत होतं आपण देवांना प्रसिद्धी देतोय. माय त्यांना कामाला लावत होती.

आमादोने आपलं काम केलं. तो कम्युनिस्ट, देवबिव न मानणारा. १९४६ च्या घटनासमितीत तो कम्युनिस्ट पक्षाचा प्रतिनिधी होता आणि धर्मस्वातंत्र्याची दुरुस्ती त्याने मांडली, ती मंजूर झाली. नास्तिकाने देवांसाठी आणलेलं कलम! दोनच वर्षांत पक्षावर बंदी आली, त्याची जागा गेली, तो देशाबाहेर गेला, पण कलम राहिलं. अर्थात कागदावरचं आणि रस्त्यावरचं यात फरक असतोच. बाईयात तेरेइरोंना पोलिसांत नोंदणी करून परवाना घ्यावा लागायचा, तो नियम राज्यपालांनी रद्द केला थेट १९७६ मध्ये. तीस वर्षांनी.

व्हेर्जेची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. आनिन्यांनंतर काही वर्षांनी गादीवर आल्या मांय सेन्योरा. १९४८ मध्ये व्हेर्जे आफ्रिकेला निघाला तेव्हा त्यांनी त्याचं डोकं शांगोला वाहिलं आणि मग पाठवलं. हा माणूस सतराव्या वर्षी शाळा सोडलेला. ज्या संस्थेने शिष्यवृत्ती दिली होती (डाकारची) तिने सांगितलं, नुसत्या निगेटिव्ह नकोत, लिहून द्या. याला लिहायचा मनस्वी कंटाळा. पण लिहायला लागला, आणि १९६६ मध्ये सोर्बोनची डॉक्टरेट घेऊन बसला! दरम्यान १९५३ मध्ये आफ्रिकेत त्याला इफा या भविष्यविद्येची दीक्षा मिळाली आणि नवीन नाव मिळालं, फातुंबी. पण मला सगळ्यात आवडतं ते १९५२ मधलं एक पत्र. ओयोच्या राजाने हे पत्र व्हेर्जेच्या हाती मांय सेन्योरांना पाठवलं आणि त्यातून त्यांना 'इया नासो' ही जुनी राजदरबारी पदवी दिली. विचार करा. शे-दीडशे वर्षांपूर्वी त्या राज्यातून माणसं साखळदंडात गेली. आणि आता त्यांच्या वारस बाईला तिथला राजा पत्र लिहून सांगतोय की आमच्या देवाच्या सेवेतलं ते पद तुझं. मधला पोस्टमन एक फ्रेंच फोटोग्राफर.

आमादोने मग यातून आपल्या पद्धतीने फॅनफिक्शन केली. १९६९ च्या 'तेंदा दोस मिलाग्रेस' कादंबरीच्या नायकाला, पेद्रो आर्कांजोला, त्याने पदवी दिली 'ओजुओबा'. मित्राची पदवी उचलून नायकाला चिकटवली. नायकाचा बराचसा साचा मात्र मानुएल केरिनो (१८५१-१९२३) या काळ्या संशोधकाचा. आणि कादंबरीतला खलनायक, धाडी घालणारा पोलीस अधिकारी, हा १९२० च्या दशकात साल्वादोरच्या तेरेइरोंना हैराण करणाऱ्या खऱ्या अधिकाऱ्यावरून घेतला. आमादोने त्याचं टोपणनावसुद्धा बदलायची तसदी घेतली नाही. कारिबेने १९६७-६८ मध्ये एका बँकेसाठी देवदार लाकडात २७ ओरिशा कोरले. माणसाहून मोठे, प्रत्येकाची शस्त्रं, प्रत्येकाचा प्राणी. आता ते साल्वादोरच्या आफ्रो-ब्राझिलियन संग्रहालयात आहेत. हे सगळं करून कारिबे १९९७ मध्ये वारला तो कुठे, तर ओपो आफोंजातच, तेरेइरोच्या एका बैठकीत.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. व्हेर्जे फ्रेंच, कारिबे अर्जेंटिनाचा, आमादो कोकोच्या मळेवाल्याचा मुलगा. देव काळ्यांचे आणि नाव झालं यांचं? हा आक्षेप तिथे घेतला गेलाय, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून मेस्त्रे दिदी यांचं नाव मुद्दाम घेतो (१९१७-२०१३). मांय सेन्योरांचा मुलगा, तेरेइरोतच वाढलेला, शिल्पकार आणि लेखक. ताडाच्या शिरा, कवड्या, मणी आणि चामडं यांतून तो देवांच्या वस्तू बनवायचा. आधी पूजेसाठी, मग कला म्हणूनही. त्याच्या १९६१ च्या कथासंग्रहाला प्रस्तावना आमादोची. आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात त्याची शिल्पं मांडली गेली. प्रदर्शनाचं नाव 'पृथ्वीवरचे जादूगार'. ९९ वर्षांपूर्वी याच शब्दासाठी तुरुंग होता.

आणि मग मांय स्तेला. १९२५ चा जन्म, पेशाने नर्स, १९७६ पासून ओपो आफोंजाच्या प्रमुख. १९८३ मध्ये साल्वादोरला ओरिशा परंपरेची जागतिक परिषद भरली, तेव्हा त्यांनी आणि इतर काही मोठ्या तेरेइरोंच्या प्रमुख बायकांनी जाहीरनामा काढला की संतांचे मुखवटे आता पुरे. याँसां ही सेंट बार्बरा नाही. गुलामीत मुखवटा लागत होता, आता कशाला? गंमत म्हणजे सगळ्या भक्तांना हे पटलं नाही. चार पिढ्या जी बार्बरा घरात आहे तिला बाहेर कशी काढणार? मला दोन्ही बाजू समजतात. स्तेलाबाई स्वतः पुस्तकं लिहायच्या, वर्तमानपत्रात सदर लिहायच्या. जे लिहून ठेवलं नाही ते वाऱ्यावर जातं असं त्यांचं मत होतं. मौखिक परंपरेच्या प्रमुख बाईने हे म्हणणं मोठी गोष्ट आहे. २०१३ मध्ये बाईयाच्या साहित्य अकादमीत त्या निवडून आल्या. २०१८ मध्ये वारल्या.

आता थोडं टेक्निकल. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी, पण मला वाईट वाटेल.) इफाची पद्धत अशी: ताडाच्या सोळा बिया डाव्या हातात घ्यायच्या आणि उजव्या हाताने एकदम उचलायच्या. डाव्या हातात एक उरली तर लाकडी पाटावरच्या भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ. दुसरं काही उरलं तर तो डाव बाद. असं आठ वेळा. म्हणजे आठ बिट. एक बाइट! शक्यता २५६, आणि प्रत्येकीला स्वतःचं नाव आणि स्वतःच्या कथांचा गठ्ठा, जो पंडिताला तोंडपाठ. भविष्य सांगायचं म्हणजे पत्ता काढायचा आणि त्या पत्त्यावरचा डेटा वाचायचा. आता लगेच कोणी 'योरुबांनी कॉम्प्युटर शोधला' असा फॉरवर्ड करू नका, असल्या फॉरवर्डांचा आपल्याला भरपूर अनुभव आहे. कॉम्प्युटर नाही, पण दोन चिन्हांच्या रांगेला पत्त्यासारखं वापरायची कल्पना तर नक्की आहे, आणि ती सुंदर आहे.

ब्राझीलमध्ये इफाचे पंडित कमी होत गेले आणि मांयच्या हातात राहिली सोपी आवृत्ती, सोळा कवड्यांची. कवड्या टाकायच्या आणि किती 'उघड्या' पडल्या ते मोजायचं. शून्य ते सोळा, म्हणजे फक्त सतरा उत्तरं. आणि ती सारख्या शक्यतेची नाहीत! समजा प्रत्येक कवडी छापा-काट्यासारखी अर्धी-अर्धी पडते (खरी कवडी तशी पडत नाही, पण धरून चला), तर बरोबर आठ उघड्या पडण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये १२,८७०, म्हणजे साधारण २० टक्के. सगळ्या सोळा उघड्या? ६५,५३६ मध्ये एकदा. म्हणजे काही कथा रोज ऐकायला मिळणार आणि काही आयुष्यात एकदा, तेही नशीब असेल तर. आणि कवडी आली कुठून? मालदीवच्या समुद्रातून. हिंदी महासागरातून जहाजांच्या तळात भार म्हणून भरून ती युरोपात जायची आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत, जिथे तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यात जी माळ असते, तीच ही कवडी. एका किनाऱ्यावर देवीची माळ, दुसऱ्या किनाऱ्यावर माणसाची किंमत, आणि तिसऱ्या किनाऱ्यावर त्या विकल्या गेलेल्या माणसांची नातवंडं तीच कवडी टाकून विचारतायत की पुढे काय होणार.

तंत्रज्ञानाचा देव म्हणाल तर ओगुम. कथा अशी की देवांना माणसांकडे यायचं होतं, पण मध्ये घनदाट रान. बाकीच्यांची अवजारं बोथट पडली. ओगुमने लोखंड वितळवून धार काढली आणि वाट पाडली. म्हणून रस्ते त्याचे, अवजारं त्याची, यंत्रं त्याची. नायजेरियात ड्रायव्हर त्याला मानतात, आणि कोर्टात ओगुनचा भक्त लोखंडावर हात ठेवून शपथ घेऊ शकतो. वोले सोयिंका (१९८६ चं नोबेल) याला तर आपला कुलदेवच मानतो. खंडेनवमीला ज्याने लेथ मशीनला किंवा ऑफिसातल्या सर्व्हरला झेंडूची माळ घातली आहे, त्याला ओगुम परका वाटणार नाही. आणि त्याचा भाऊ एशू, चौकाचा आणि निरोपांचा देव. कुठल्याही पूजेत नैवेद्य आधी एशूला, नाहीतर निरोप पुढे जातच नाही. (राउटर!) मिशनऱ्यांनी नेमका यालाच सैतान ठरवला.

हे सगळं साहित्य समोर असताना साय-फाय लिहिणाऱ्यांनी त्यावर उडी मारली नसती तरच नवल. फाबिओ काब्राल याने २०१७ मध्ये 'तेराव्या रस्त्यावरचा सायबर शिकारी' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. प्रकाशक रिओचे 'माले', जे काळ्या लेखकांची पुस्तकं काढतात. गोष्ट घडते 'केतू तीन' नावाच्या महानगरात. तिथे सत्ता पुजारीण बायकांची, आणि त्याच कंपन्यांच्या मालकीणही. मांय स्तेला सीईओ झाल्या तर काय होईल, तसं काहीसं. लोकांना ओरिशांकडून शक्ती मिळालेल्या. नायकाचं नाव जुआंव आरोले. आरोले हे शिकारी देव ओशोसीचं स्तुतीतलं नाव, आणि ओशोसी मांय स्तेलांचा देव. युरोपियन राजपुत्र आणि ड्रॅगन वाचून कंटाळलेल्या एका कँदोंब्लेवाल्या नर्डने स्वतःला वाचायला आवडेल ते लिहिलं, इतकं सरळ आहे हे.

रेनाता व्हेन्तुराची गोष्ट त्याहून मजेदार. रोलिंगबाईंना कोणीतरी विचारलं होतं की अमेरिकेतल्या जादूच्या शाळेवर लिहाल का, तर त्या म्हणाल्या नाही, पण तुम्ही खुशाल लिहा. व्हेन्तुराने हे वाक्य वाचलं आणि स्वतःला उद्देशून घेतलं! २०११ मध्ये तिची कादंबरी आली. रिओच्या सांता मार्ता झोपडपट्टीतला मुलगा आणि कोर्कोव्हादोच्या डोंगरातली जादूची शाळा. पुढे २०१६ मध्ये रोलिंगबाईंनी स्वतःच ब्राझीलची एक शाळा जाहीर केली, ॲमेझॉनच्या जंगलातली. पण राखणदार म्हणून घेतली ती तिथल्या मूळनिवासी लोककथांमधली भुतं. रिओची झोपडपट्टी कुठे दिसत नाही.

कानुतोकडे परत. कर्बीची निवड मला अगदी अचूक वाटते. १९६२ मध्ये थॉर कॉमिकमध्ये आणणाऱ्यांत कर्बी होता, १९७१ मध्ये त्याने 'न्यू गॉड्स' काढलं. देवांच्या हातात यंत्रं देणारा हा माणूस. आणि कानुतोने शांगोला मार्व्हलचा नोकर केलं नाही, कर्बीची रेघ शांगोच्या कामाला लावली. त्याने तेरेइरोतल्या जाणत्यांशी बोलून काम केलं ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ज्या देवांवर तो काढतोय ते देव निवृत्त झालेले नाहीत. थॉरचं काहीही करा, त्याचं देऊळ जाळायला आज कोणी येत नाही. ओरिशांचं तसं नाही. १९९९ मध्ये एका बड्या चर्चच्या वर्तमानपत्राने साल्वादोरच्या मांय जिल्दा यांचा फोटो बदनामीकारक मजकुराबरोबर छापला. त्यानंतर त्यांना त्रास झाला, तेरेइरोवर हल्ले झाले, आणि २१ जानेवारी २००० ला त्या हृदयविकाराने गेल्या. २००७ च्या कायद्याने २१ जानेवारी हा धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस झाला. तेरेइरोंवरचे हल्ले मात्र त्यानंतरही चालूच राहिले. २००३ मध्ये शाळांत आफ्रिकन आणि आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शिकवायचा कायदा झाला, पण एशूचं चित्र वर्गात दाखवणाऱ्या मास्तराला काही पालक काय म्हणतात याची कल्पना तुम्ही करू शकता. तेव्हा एखाद्या दहा वर्षांच्या पोराने शांगोचं चित्र असलेलं कॉमिक दप्तरात टाकणं याला तिथे वेगळं वजन आहे.

एक कथा सांगायची राहिली, व्हेर्जेने नोंदवलेली. इफे शहरात नव्या सुरणाचा सण होता. राजाने सगळ्यांना बोलावलं, पण चेटकिणींना बोलवायला विसरला. त्यांनी एक अवाढव्य पक्षी पाठवला, तो राजवाड्याच्या छपरावर येऊन बसला. वीस बाणांचा शिकारी आला, वीसही वाया. चाळीस बाणांचा आला, पन्नासवाला आला, तेच. शेवटी आला एकाच बाणाचा शिकारी. तिकडे त्याची आई, एकुलतं एक पोर मरणार म्हणून, पंडिताकडे धावली. त्याने सांगितलं, चेटकिणींना कोंबडी दे आणि म्हण, पक्ष्याच्या छातीने हे स्वीकारावं. तिने रस्त्यावर कोंबडी वाहिली, ज्या क्षणी ते शब्द म्हणाली त्याच क्षणी पक्ष्याने मंत्र सैल केला, आणि त्याच क्षणी पोराने बाण सोडला. पक्षी खाली. लोक पोराचं नाव घेऊन नाचले, आणि तो झाला ओशोसी. आई रस्त्यातच होती.

आणि ते पोलिसांचं संग्रहालय? २०१७ मध्ये तेरेइरोंच्या लोकांनी मोहीम सुरू केली, पुढे होत्या रिओच्या मांय मेनिनाझिन्या दे ओशुम. सप्टेंबर २०२० मध्ये पोलिसांनी जप्त केलेल्या ५१९ वस्तू रिओच्या प्रजासत्ताक संग्रहालयात हलवल्या गेल्या. संग्रहाचं नाव आता 'आमचं पवित्र'. कुठली वस्तू कोणत्या देवाची, कशी ठेवायची, कोणत्या वस्तूला कोणी हात लावायचा, हे ठरवायला संग्रहालयाच्या तज्ज्ञांबरोबर तेरेइरोची माणसं बसतात. त्यात ढोल आहेत, ओगुमची लोखंडी अवजारं आहेत, एशू आहे.

कानुतोची चित्रं नेटवर शोधा, ती बघायला पोर्तुगीज यावी लागत नाही. कारिबेचे लाकडी ओरिशाही सापडतील. ओगुमवाला पॅनेल मोठा करून बघा, छिन्नीचे घाव दिसतात.